पोलीस पाटलाच्या जिभेखाली

माझ्या वडिलांनी उभ्या आयुष्यात गांजाची जेवढी झाडं उपटली तेवढे कुणी भुईमुगाचे वेल उपटले नसतील, असं आई म्हणते. आईच्या बोलण्यातलं निम्मं नेहमी सोडून द्यावं लागतं. पण आबा आमच्या गावचे पोलीस पाटील होते, म्हणजे गावात काही वेडंवाकडं घडलं की ठाण्याला कळवायची जबाबदारी त्यांची, आणि उसाच्या फडात कुणी चोरून गांजा लावला तर तो त्यांना बांधावरनंच कळायचा, एवढं मात्र खरं. निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली, तरी पलूसला जाताना एसटीच्या खिडकीतून ते लोकांच्या उसाकडं संशयानं बघत बसतात. शेजारच्या प्रवाशाला वाटतं, म्हातारा पीकपाणी बघतोय.

अशा माणसाच्या जिभेखाली भांगेचं तेल घालायचं मी ठरवलं. मी त्यांची थोरली मुलगी. सांगलीत एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. माहेरी माझी ख्याती अशी, की हिच्या वाचनात काही आलं की ते कुणाच्या तरी पोटात गेल्याशिवाय राहत नाही. मी वाचलं म्हणून आमच्या घरानं एकदा वर्षभर जवस खाल्लं. मी वाचलं म्हणून आईनं कारल्याचा रस काढला, आणि तो कुणीच पिईना म्हणून शेवटी जास्वंदीला घातला. जास्वंद वाळली. तो विषय अजून निघतो.

आबांना कंपवात झाला. मिरजेच्या डॉक्टरांनी त्याला पार्किन्सन म्हटलं, आईनं 'हाताला भरलेलं वारं' म्हटलं, आणि आबांनी काहीच म्हटलं नाही. मेंदूतल्या काही पेशी हळूहळू मरत जातात, त्या जे रसायन तयार करतात ते कमी पडायला लागतं, आणि मग हात मालकाचं ऐकत नाही. हे मी वर्गात खडू हातात घेऊन घडाघडा सांगते. बापाच्या हाताकडं बघत मला ते एकदाही धड सांगता आलेलं नाही.

पण आबांचं खरं दुखणं हाताचं नव्हतंच. ते बशीचं होतं.

आमच्या गावच्या एसटी स्टँडसमोर पत्र्याचं एक हॉटेल आहे. हॉटेल म्हणजे एक स्टोव्ह, दोन बाकडी आणि कढईतली कालची भजी. रोज सकाळी आबा तिथं जायचे. त्यांच्या शेजारी मिलिटरीतनं रिटायर झालेले एक हवालदार बसायचे. ते आबांचे शाळेपासूनचे जोडीदार. तिथं चहा प्यायची एक रीत आहे. कपातला चहा बशीत ओतायचा, बशी बोटांवर तोलायची, फुंकर मारायची आणि साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असा ओढायचा. कपाला तोंड लावणारा माणूस परगावचा समजला जातो. तो पत्ता विचारायला आलाय असं धरून लोक आधीच रस्ता सांगायला लागतात.

एके सकाळी आबांच्या हातातली बशी अशी काही हलली की निम्मा चहा त्यांच्या धोतरावर आणि उरलेला हवालदारांच्या पेपरवर गेला. कुणी हसलं नाही. तेच वाईट झालं. हसले असते तर आबांनी चार शिव्या घातल्या असत्या आणि मिटलं असतं. सगळे गप्प बसले, एकानं फडकं आणलं, एकानं 'ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या' म्हटलं. आबा उठून घरी आले ते परत गेलेच नाहीत.

"चहानं पित्त हुतंय," म्हणाले.

ते सपशेल खोटं होतं. घरात मागच्या खोलीत, दाराकडं पाठ करून, ते दिवसातून चारदा चहा प्यायचे. मी सांगलीहून नळी लावलेला झाकणाचा कप आणून दिला, तर त्यांनी तो दोन बोटांनी धरून लांबूनच पाहिला आणि म्हणाले, "ह्ये वासराला औषध पाजाय बरं पडंल." पुढच्या खेपेला मी गेले तेव्हा वासराला त्यातनंच औषध पाजत होते. हवालदार अधूनमधून घरावरून जाताना हाक मारायचे, "पाटील, येतूस का रं?" आणि आबा आतून ओरडायचे, "काम हाय!" काम कसलं आलंय डोंबलाचं. हाक मारणारा माणूस पुढं जाईपर्यंत ते भिंतीवरचं कॅलेंडर बघत बसायचे. मला ते बघवायचं नाही. आबांना त्या बाकड्यावर परत बसवायचं, एवढंच मला पाहिजे होतं.

म्हणून मी वाचायला लागले. भांगेच्या, म्हणजे गांजाच्याच, झाडात कॅनाबिनॉइड नावाची द्रव्यं असतात. त्यातलं एक नशा आणतं. दुसऱ्या एकानं नशा येत नाही, आणि मेंदूच्या असल्या आजारांत त्याचा काही उपयोग होतो का, हे जगभर तपासलं जातंय. मी कागदांची चळत छापून काढली आणि आबांना घेऊन मिरजेला मेंदूच्या डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर सज्जन माणूस. कागद बघून त्यांनी चष्मा काढला आणि डोळे चोळले.

"बाई, उंदरांचं बरं चाललंय," ते म्हणाले. "माणसांचं अजून छातीठोकपणे सांगता येत नाही. झोपेला, अंगाच्या ताठरपणाला काहींना थोडा उपयोग होतो, काहींना होत नाही. मरणाऱ्या पेशी वाचतात का, याचा पक्का पुरावा अजून नाही. चक्कर, गुंगी येऊ शकते. करायचंच असेल तर रीतसर वैद्यांच्या चिठ्ठीवर, अगदी थोड्यापासून, आणि माझ्या गोळ्या बंद न करता. आणि काका, गोळी दुधातनं घ्यायची नाही, हे मी अजून किती वेळा सांगू?"

आबा छताचा पंखा बघत होते. इंग्रजी गोळी उष्ण असते, ती म्हशीच्या दुधाबरोबरच घ्यावी, हा आबांचा सिद्धांत. त्यापुढं मिरजेतल्या एकाही डॉक्टरची मात्रा चालली नव्हती.

वैद्यांनी चिठ्ठी दिली. तेल परवान्याच्या दुकानातनं आणलं. लहानशी काळी बाटली, झाकणालाच थेंब पाडायची काचेची नळी, आणि वर लिहिलेलं 'विजया'. आयुर्वेदात भांगेला विजयाच म्हणतात. मला वाटलं, नावात भांग नाही म्हणजे निम्मी लढाई जिंकली. आबांनी बाटली नाकाजवळ नेली आणि लगेच खाली ठेवली.

"नाव बदललं म्हणून मुद्देमाल बदलत न्हाई," ते म्हणाले.

मग मी त्यांना शास्त्र सांगायला बसले. ही माझी आणखी एक चूक. "आबा, तसलं द्रव्य आपलं शरीर स्वतःच तयार करतं. मेंदूत त्याच्यासाठी जागा असतात..."

"थांब. म्हंजी माझ्या अंगात गांजा हाय?"

"गांजा नाही. त्याच्यासारखं काम करणारं काहीतरी."

"कवापासनं?"

"जन्मल्यापासून."

"आन् मी पोलीस पाटील हुतो तवा?"

"तेव्हापण होतंच की."

आबांनी आईकडं बघितलं. "आयकलंस? जलमभर दुसऱ्याच्या फडात हुडकत फिरलो."

आईला हसू आवरेना. मी नेटानं पुढं म्हटलं, की शास्त्रज्ञांनी त्या द्रव्याचं नाव आपल्या 'आनंद' या शब्दावरून ठेवलंय. त्यावर आबा म्हणाले, "मग त्ये माझ्यात न्हाई. तुझ्या आईत बख्खळ हाय. बग कशी हसाय लागलीया."

शेवटी ते तयार झाले ते शास्त्रामुळं नाही. हवालदार पुन्हा घरावरून गेले, पुन्हा हाक मारून गेले, आणि आबा कॅलेंडरकडं बघत बराच वेळ बसले. मग म्हणाले, "घेतो. पर चोरून घ्यायाचा न्हाई. आदी वर्दी द्यायाची."

आता गावची पोलीस पाटील गावातल्या एका घरची तरुण सून आहे, तिचं पोर अजून कडेवर यायला बघतं एवढी तरुण. तिला बोलावणं गेलं. ती बिचारी पदर सावरत, काय भानगड झाली म्हणून पळत आली. आबांनी टेबलावर बाटली ठेवली, चिठ्ठी ठेवली, आणि उभे राहून सांगितलं, "राहत्या घरात हा माल मिळून आलाय. लिवून घ्या."

"आवं आबा, औषध हाय न्हवं ह्ये? चिठ्ठी हाय की."

"तरीबी लिवून घ्या."

"काय लिवू?"

"जे दिसतंय त्ये."

तिनं लिहिलं काहीच नाही. मोबाईलवर बाटलीचा एक फोटो काढला, चिठ्ठीचा एक काढला, आणि आबांचं समाधान होईना म्हणून बाटली हातात धरलेल्या आबांचाही एक काढला. निघताना दारात ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "ताई, गुडघ्याला चालंल का वो ह्ये? सासूबाई लय वरडत्यात."

तो शुक्रवार होता. शनिवार मारुतीचा वार, चांगला वार, तेव्हा शनिवारी रात्रीपासून सुरू करायचं ठरलं. मला सांगलीला परत जायचं होतं, म्हणून मी आईला समजावून दिलं. जेवण झालं की थोडे थेंब जिभेखाली सोडायचे, थोडा वेळ तसंच ठेवायचं आणि तोवर बोलायचं नाही. या शेवटच्या अटीवर आई भलतीच खूश झाली. आबांनी आपल्या बाजूनं एक पथ्य जोडलं. शिवरात्रीला पोरं दुधातनं भांग घ्यायची आणि देवळाच्या पायरीवर आडवी व्हायची, ती आबांनीच कितीदा खांद्याला धरून घरी पोचवलेली. तेव्हा भांगेला दूध चढवतं हे त्यांना कायद्याच्या कलमासारखं पाठ. त्यांनी त्या दिवसापासून दूध बंद केलं. गोळीसुद्धा पाण्याबरोबर.

"चहातलं दूध?" मी विचारलं.

"चहापुरतं चालतंय. त्येला काय दूध म्हनत न्हाईत."

पुढचे काही आठवडे आईचे फोन येत राहिले आणि प्रत्येक फोनला माझी मान थोडी वर गेली. आज स्वतः दाढी केली. आज शर्टाची बटणं स्वतः लावली, वरचं सोडून. आज म्हैस स्वतः सोडली, आणि म्हैस पळाली, पण सोडली स्वतः. मी शिक्षकांच्या खोलीत बसून कॅनाबिनॉइडवर अशी काही बोलायला लागले की मुख्याध्यापकांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, बाई, निदान मधल्या सुट्टीत, पोरं खिडकीपाशी असताना, गांजा हा शब्द नको. खेळाचे सर मला 'विजयाताई' म्हणायला लागले. म्हणू देत. शास्त्र जिंकलं होतं, आणि जवस, कारलं, जास्वंद सगळ्याचा सूड एकदम उगवला होता.

दुसरी बाटली घेऊन मी गावी गेले. आई पडवीत शेंगा फोडत बसली होती. मी पिशवीतनं बाटली काढून तिच्यापुढं धरली. तिनं हात पदराला पुसले, बाटली घेतली, उजेडात धरून बघितली आणि अगदी सहज म्हणाली, "ही बी मारुतीला का?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"आई, पहिली बाटली कुठाय?"

"हाय की, फळीवर. त्यातलंच देतो न्हवं रोज तुझ्या बाला."

"आणि मारुती काय म्हणतीस मग?"

"आगं, पयलं देवाला नको द्यायाला? म्हस व्याली की पयला चीक देवाला. नवा गूळ निघाला की पयला खडा देवाला. कवा देवाला न देता तोंडात घाटलंय आपून? शनिवार हुता, तेलच हुतं, गेलो घिऊन."

"अगं पण त्यातला एक थेंब द्यायचा!"

आईनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जणू मी शिकून वाया गेले. "देवाला काय थेंबानं देत्यात व्हय?" ती म्हणाली. "समद्या बाया वाटी वाटी तेल वताय लागल्या आन् मी त्या नळीनं टिपूक टिपूक सोडू? गाव हासलं आसतं. पोलीस पाटलाची बायकू मारुतीच्या कानात औषध सोडाय लागली म्हनलं आसतं. दिलं वतून."

"सगळं?"

"समदं."

"मग बाटलीत काय आहे?"

"आपल्याच शेंगाचं त्याल. घान्याचं. रिकामी बाटली फळीवर बरी दिसती व्हय?"

म्हणजे इतके दिवस माझे वडील जिभेखाली शेंगदाण्याचं तेल धरून, तोंड मिटून, कडक पथ्यानं बसत होते. आणि आमच्या गावचा मारुती नखशिखांत विजयेत न्हाला होता. मी आईला विचारलं, देवळात काही झालं का? ती म्हणाली, न्हाई बाई, दोन म्हातारी आरतीत झोपली, पण ती रोजच झोपतात.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी आईला नाही नाही ते बोलले. एवढी वणवण करून आणलेलं औषध, एवढी चिठ्ठी, एवढी वर्दी, आणि तू ते दगडावर ओतलंस! 'दगड' म्हटल्यावर आईनं दोन्ही कानांवर हात ठेवले आणि मी काय बोलले ते मारुतीनं ऐकलं नसेल अशी आशा व्यक्त केली. तेवढ्यात आबा गोठ्याकडून आले. हातात दुधाची चरवी, निम्मी भरलेली, आणि थेंबही सांडत नव्हता. अगदीच सांडत नव्हता असं नाही, पण आमच्या दृष्टीनं नाही.

"काय कालवा चाललाय?" त्यांनी विचारलं.

"काय न्हाई," आम्ही दोघी म्हणालो.

"सोमवारी मिरजंला जाऊन येऊ," आबा म्हणाले. "डाक्टरला हात दावतो. आन् मंगळवारपासनं हाटेलात जातो. हवालदाराला सांगितलंय मी."

ते आत गेले. आता खरं सांगायचं कसं? शेंगदाण्याच्या तेलानं बरा झालेला हात, ते शेंगदाण्याचं होतं हे कळल्यावर बरा राहील का? आबा परत दाराकडं पाठ करून बसले तर? मला खरोखर भीती वाटली. आईनं मारुतीची शपथ घेतली की ती तोंड उघडणार नाही. मारुतीवर सध्या तिचा बराच हक्क होता.

सोमवारी मिरजेला डॉक्टरांनी आबांना बोटं जुळवायला लावली, चालायला लावलं, कागदावर गोल काढायला लावलं. मागच्या खेपेचा गोल गोगलगाय चिरडल्यासारखा होता. या वेळचा निदान गोल होता.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाले. "या तेलानं एवढा फरक? बाई, मी तुम्हाला उगाच परावृत्त करत होतो. काय मात्रा दिलीत?"

मी टेबलावरच्या काचेखालच्या गणपतीकडं बघायला लागले. आई खिडकीतून मिरज बघायला लागली.

"तेलाशिवाय आणखी काही बदललं का?" त्यांनी आबांना विचारलं.

"न्हाई. दूध तेवढं बंद केलंय."

"का?"

"भांग दुधातनं चढती डाक्टर. तुमाला म्हाईत नसंल, मी लय बघितल्यात. म्हणून गोळीबी पाण्यासंगट घ्यायला लागलोय."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मग ते असे हसायला लागले की बाहेरची नर्स आत डोकावली. "काका, अहो हेच तर मी वर्षानुवर्षं सांगतोय! दुधातली प्रथिनं आणि माझी गोळी, दोघांना रक्तात शिरायचं दार एकच. दूध आधी घुसतं आणि गोळी बाहेर ताटकळते. आता तुमची गोळी पहिल्यांदाच पोचायला लागलीय. बरंचसं काम तिनं केलंय, तेलानं नाही."

हे ऐकलं आणि आईच्या जिवावरचं ओझं उतरलं. एवढं उतरलं की शपथही त्याच्याबरोबर उतरली. "बरं झालं बाई," ती मोकळा श्वास सोडून म्हणाली. "मला वाटलं, शेंगाच्या तेलानं असं कसं झालं."

आबा आईकडं वळले. "कसलं तेल?" आबांनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. मारुती, वाटीवाल्या बायका, रिकामी बाटली, फळी. डॉक्टर या वेळी हसले नाहीत. त्यांनी आबांच्या चेहऱ्याकडं पाहिलं आणि खुर्ची पुढं ओढली. "काका, या आजारात नुसत्या भरवशानंसुद्धा थोडा फरक पडतो," ते म्हणाले. "मेंदू तेवढ्यावरही आपलं रसायन सोडतो. तुमचा हात खोटं बोलत नव्हता. पण आजार जाणार नाही, आणि हात कधी ना कधी पुन्हा हलणार आहे. आत्ता चाललंय तेवढं वापरून घ्या." दुसऱ्या बाटलीचं काय करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले, झोप नीट लागत नसेल तर बघू.

गाडी मी चालवत होते. आबा पुढं माझ्याशेजारी, आई मागं. आबांचा उजवा हात मांडीवर होता आणि तो हलायला लागला होता. त्यांनी त्यावर डावा हात ठेवला. मी आरशातून आईकडं रागानं बघितलं, तर ती पदरानं डोळे टिपत होती, मग मला रागावताही येईना. झालं, गेला मंगळवार, गेलं हॉटेल, असं माझ्या मनात आलं.

माधवनगर ओलांडल्यावर आबा पहिल्यांदा बोलले. "समदं वतलंस?"

"समदं," मागनं बारीक आवाज आला.

"मी वर्दी दिलीया. त्या पोरीच्या मोबाईलात माझा फोटू हाय. आन् मुद्देमाल मारुतीच्या अंगावर."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी ऊस होता आणि आबा त्याच्याकडं बघतसुद्धा नव्हते. हे मला सगळ्यात वाईट लक्षण वाटलं.

गावात शिरलो. स्टँड आला. मी गाडी घराकडं वळवणार, तोवर आबा म्हणाले, "थांबव."

हॉटेलच्या बाकड्यावर हवालदार आणि आणखी दोघे-तिघे बसलेले. आबा उतरले. टोपी सारखी केली. आम्हाला 'या' म्हटलं नाही, की 'जावा' म्हटलं नाही. बाकड्यापाशी गेले तसे हवालदार सरकले, जागा केली, आणि काहीच झालं नसल्यासारखं हॉटेलवाल्याला म्हणाले, "पाटलाला चहा मार रं."

कप आला. आबांनी तो बशीत ओतला. ओतताना थोडा बाकड्यावर गेला. मग त्यांनी बशी उचलली आणि ती हलायला लागली. मी स्टेअरिंग घट्ट धरलं. बशी ओठापाशी पोचायच्या आत कलंडली आणि सगळा चहा आबांच्या पायांपाशी मातीत गेला.

पुन्हा तेच. कुणी हसलं नाही. एकजण फडकं बघायला उठला. हवालदार हळूच म्हणाले, "ऱ्हाऊ द्या पाटील, सांडला तर सांडला."

आबांनी मान वर केली. "सांडला न्हाई," ते म्हणाले, आणि गाडीत आईला ऐकू जाईल असं मोठ्यानं म्हणाले, "पयली बशी मारुतीची."

"समदी?" हवालदारांनी विचारलं.

"मग? देवाला काय थेंबानं देत्यात व्हय?"

आधी हवालदार हसले. मग सगळं बाकडं हसलं, आणि आबा सगळ्यांपेक्षा मोठ्यानं. हॉटेलवाल्यानं दुसरी बशी आणून भरली. या वेळी त्यांनी ती दोन्ही हातांत धरली, थोडी सांडली, बाकीची ओढली. तो आवाज मला बंद काचेतून ऐकू आला. मी हमसून रडायला लागले.

आईनं मागनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "रडतीस काय," ती म्हणाली, "जा, मारुतीच्या चहाचं पैसं दिऊन ये."